अकरा सुट्या पानांवरून ‘मायच्या पुस्तका’पर्यंत : एका हरवलेल्या पाकपुस्तकाच्या शोधाचं प्रकरण

२०२३ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. तापीकाठच्या आमच्या गावात ‘क’ वर्गाचं वाचनालय आहे, तिथे मी ग्रंथपाल. भरदुपारी माई आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत अकरा सुटी पानं. माईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या आईचं पाकशास्त्राचं पुस्तक पाठीतून उसवलं होतं, म्हणून घरच्यांनी ते तालुक्याला एका बाइंडरकडे दिलं. देताना सूनबाईंनी गळून पडणारी पानं काढून घरी ठेवली, वाटेत हरवू नयेत म्हणून. दोन महिन्यांनी दुकानात गेले तर पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यातून निघून गेलेलं. बाइंडरने चूक कबूल केली, पैसेही देऊ केले. पण हाती राहिली ती एवढीच पानं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, शेवटचं पान नाही. आणि माईंना पुस्तकाचं नाव आठवेना. साठ वर्षं घरात सगळे त्याला ‘मायचं पुस्तक’ म्हणत आले होते, दुसऱ्या नावाची कधी गरजच पडली नव्हती.

जुनं पुस्तक शोधून द्या म्हणत येणारी माणसं वर्षाला दहा-बारा तरी असतात. त्यातली निम्मी रिकाम्या हाताने परत जातात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. नेमकं काय हरवलंय हे ठरवण्याआधीच आपण शोधायला निघतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारणही तेच, कारण यात मीही एकदा तशीच घाईने निघाले होते.

पुस्तकाचं नाव मात्र इथे देत नाही. आणखी एक घर तीच आवृत्ती शोधतंय, आणि नाव फुटलं की जुन्या पुस्तकांचे भाव कसे चढतात ते मी पाहिलं आहे.

पहिलं उत्तर चुकीचं होतं

माईंच्या मुलाने माझ्याकडे येण्याआधीच एक उपाय केला होता. ओळखीच्या चार जणांना विचारलं, चौघांनीही ‘रुचिरा’ म्हणून सांगितलं, आणि त्याने नवी कोरी प्रत आणून आईच्या हातात दिली. मराठी घरात जुनं पाकपुस्तक म्हटलं की तेच नाव तोंडावर येणं साहजिक आहे. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर दोन पिढ्या स्वयंपाक शिकल्या. माईंनी ते चाळलं, मुलाचं मन मोडू नये म्हणून फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ही पिशवी घेऊन वाचनालय गाठलं.

मी टेबलावर पांढरा कागद पसरला आणि पानं एकेक करून मांडली. पहिल्याच पानावर ‘पावशेर’, ‘छटाक’, ‘तोळा’. म्हणजे वाटी-चमच्याचं पुस्तक हे नव्हेच. ‘रुचिरा’चा प्रश्न तिथेच मिटला.

मग मी माईंना विचारलं, “माई, तुम्हाला यातलं काय परत हवंय?” माई थोडा वेळ गप्प राहिल्या. एका पानावर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं, त्यावर बोट ठेवून आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाल्या, “मन्ही मायना हात शे तो.” माझ्या आईचं अक्षर आहे ते.

त्या एका वाक्याने माझं काम तिप्पट झालं. हरवलेल्या गोष्टी तीन होत्या. एक, छापील मजकूर. दोन, ती विशिष्ट आवृत्ती, जिच्या मापांवर या घराचा हात बसला होता. तीन, माईंच्या आईने पन्नास वर्षांत त्यावर केलेलं पेन्सिलीचं लेखन. पहिली गोष्ट एखाद्या ग्रंथालयात मिळू शकते. दुसरीसाठी बाजार आणि माणसं धुंडाळावी लागतात. तिसरी पैसे देऊन कुठेच मिळत नाही, ती माणसांच्या आठवणीतून आणि वह्यांतून जमेल तेवढी गोळा करायची. तीन वस्तूंच्या तीन वाटा. त्या एकात एक मिसळल्या की कुठलीच धड हाती लागत नाही.

पानांनी सांगितलेलं वय

बिननावाच्या पुस्तकाचं वय कसं ठरवायचं, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

आधी कागद उलटा करून बोट फिरवलं. अक्षरांचा दाब मागच्या बाजूला हाताला लागत होता, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे खिळे जुळवून केलेली छपाई. ऑफसेटच्या छपाईत कागद सपाट राहतो, असा दाब उमटत नाही. त्याने आकडा मिळत नाही, पण पुस्तक जुन्या काळातलं आहे एवढा भरवसा येतो.

दुसरं म्हणजे लेखन. ‘तुपांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यानंतरही काही छापखाने जुन्या वळणानेच चालत राहिले, त्यामुळे निव्वळ अनुस्वारांवर विसंबून साल ठरवू नये.

तिसऱ्या खुणेने मात्र काम झालं. एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप होती, १ शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा भरतो, तेव्हा टीप बरोबरच आहे. पण अशी टीप छापायची गरज केव्हा पडते? वाचणारीच्या घरात शेर आहे आणि दुकानात ग्रॅम आलेत, तेव्हाच. आणि आणखी एका पानाच्या मागे प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकांची जाहिरात निघाली, तिथे किमतीपुढे ‘न. पै.’ असं छापलेलं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १९६४ च्या जूनपासून त्यातला ‘नवे’ गळून नुसते पैसे राहिले. दोन्ही खुणा जोडल्या की पुस्तक १९५८ ते १९६४ यांमधलं ठरतं. फार तर एखादं वर्ष इकडे-तिकडे.

चौथी खूण सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाची निघाली. पान ९७ च्या तळाशी डाव्या कोपऱ्यात दोन आद्याक्षरं आणि पुढे ७ हा आकडा. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, तो एक फर्मा. सातवा फर्मा सहा सोळे शहाण्णव पानांनंतर, म्हणजे बरोबर ९७ व्या पानावर सुरू होतो. बांधणाऱ्याचे फर्मे खाली-वर होऊ नयेत म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी फर्म्याचा आकडा टाकायचे, आणि एकाच वेळी दोन-तीन पुस्तकांचं काम चालू असलं तर पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरंही. ती दोन अक्षरं बांधणाऱ्यासाठी छापली होती आणि साठ वर्षांनी ती आमच्या कामी आली.

जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान हाती असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, हेही सांगून ठेवते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. म्हणून कुठलंही फाटकं पुस्तक हाती आलं की आधी नावाच्या पानाची मागची बाजू आणि अगदी शेवटचं पान पाहावं.

माझी चूक आणि दाखल नोंदवही

आता आद्याक्षरांवरून नाव काढायचं होतं. मराठी पुस्तकांचा असा शोध घेताना शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ला वळसा घालता येत नाही. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० या काळातली पुस्तकं विषयवार लावलेली आहेत. पण आमचं पुस्तक १९५८ च्या पुढचं ठरलेलं, सूची १९५० ला थांबते. म्हणून मी ती पाहिलीच नाही. दीड महिना इकडे-तिकडे पत्रं पाठवण्यात आणि फोन करण्यात गेला. नावाशिवाय विचारणाऱ्याला कोण काय सांगणार? समोरची माणसं अदबीने ऐकून घेत आणि ‘कळवतो’ म्हणत.

जानेवारीत वार्षिक तपासणीची तयारी चालू होती, म्हणून कपाटावरच्या जुन्या दाखल नोंदवह्या खाली काढल्या. या वहीत वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची ओळ असते, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत आणि शेवटी शेरा. पुस्तक नंतर फाटो, हरवो की निर्लेखनात जावो, म्हणजे संग्रहातून काढून टाकलं जावो, ओळ जागची हलत नाही. साठ सालाच्या आगेमागची वही उघडली आणि पाकशास्त्राची एक ओळ पाहून माझा हात थांबला. दोन शब्दांचं नाव, आद्याक्षरं तीच. नावाच्या पुढे शाईने लिहिलेलं ‘आ. ३ री’ आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘जीर्ण, निर्लेखित’. म्हणजे जे पुस्तक मी जिल्हाभर विचारत फिरत होते ते एके काळी आमच्याच कपाटात होतं, आणि आमच्याच आधीच्या लोकांनी फाटलं म्हणून काढून टाकलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पण ‘आ. ३ री’ या तीन अक्षरांनी माझी चूकही दाखवली. तिसरी आवृत्ती साठच्या आसपासची असेल तर पहिली त्याच्या कितीतरी आधीची असणार. म्हणजे दाते सूचीत ती सापडायलाच हवी. जळगावला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन दुसरा खंड मागितला आणि वीस मिनिटांत नोंद हाताशी आली. लेखिका, प्रकाशक, गाव, पृष्ठसंख्या, सगळं. हातातल्या पानांवरून ठरतं ते आवृत्तीचं वय. पुस्तकाचं वय निराळं असू शकतं, आणि मी पहिल्या दिवसापासून एकालाच दुसरं धरून बसले होते.

चुकीची आवृत्ती विकत घेतली

नाव मिळाल्यावर वाटलं, आता काय, आठ दिवसांचं काम. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर अमळनेरला हा मान पुन्हा मिळत होता, आणि आमच्याकडून एस.टी.ने जाता येण्यासारखं. ग्रंथप्रदर्शनात मी दोन दिवस नाव सांगत, ९७ व्या पानाची झेरॉक्स दाखवत फिरले. दुसऱ्या दिवशी एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने पत्ता घेतला आणि पंधरा दिवसांत पार्सल आलं. साडेसहाशे रुपये. मुखपृष्ठावर तेच नाव, तीच लेखिका. विक्रेत्याचा यात काही दोष नाही, त्याने मागितलेलंच पुस्तक दिलं. आवृत्ती विचारायची ती मीच विसरले.

माईंच्या ओट्यावर बसून आम्ही दोघींनी ते उघडलं. ही पुढची, सुधारून काढलेली आवृत्ती होती. रव्याचे लाडू दोन्हीकडे होते. सुट्या पानावर ‘रवा १ शेर, साखर ३ पावशेर’, नव्या आवृत्तीत सगळं वाट्यांत. पाकाचं वर्णन पूर्वी सहा ओळींचं होतं, पाक बोटांत धरून तार कशी पाहायची इथपर्यंत. इथे एका ओळीत ‘एकतारी पाक करावा’. माईंनी पुस्तक मिटलं. “हे दुसऱ्याचं घर आहे,” एवढंच म्हणाल्या.

ती प्रत वाया गेली नाही. अनुक्रमणिकेवरून मूळ पुस्तकात काय काय असणार याचा अंदाज आला, आणि पेन्सिलीच्या नोंदी कोणत्या पदार्थांपाशी असतील हे माईंना एकेक आठवू लागलं.

पाकपुस्तकं जगतात कुठे

फेब्रुवारीच्या शेवटी एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून फोन आला. त्यांच्याकडे पहिली आवृत्ती होती, तिसरी नव्हती. ती तिथे बसून वाचता येणार होती, बाहेर मिळणार नव्हती. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते, पण छोटे प्रकाशक, त्यातून तिसरी आवृत्ती, नेमाने पाठवत असतील या भरवशावर राहता येत नाही.

त्या सुमारास रात्री जेवताना मनात एक साधा प्रश्न आला. आमच्या वाचनालयात त्याच वर्षी घेतलेले कवितासंग्रह अजून ठणठणीत आहेत, मग हे पुस्तक का मेलं? उत्तर माझ्या समोरच होतं. कविता कपाटात राहते. पाकपुस्तक चुलीजवळ राहतं. हळदीचा हात लागतो, तेलाचा थेंब पडतो, त्यावर पीठ बसतं, त्याला झुरळं येतात. जितकं कामाचं तितकं लवकर जीर्ण. वाचनालयंही त्याला किरकोळ समजतात, फाटलं की काढतात, पुन्हा बांधून घेत नाहीत. म्हणजे धड प्रत मिळायची तर ती अशाच घरात मिळेल जिथे त्या पुस्तकावरून कुणी कधी स्वयंपाक केला नाही.

असं पुस्तक न वापरणाऱ्या घरात येईल कशाला? एक तर रुखवतातून, नाही तर बक्षीस म्हणून. त्या काळी मुलींना शाळेत बक्षीस द्यायचं तर शिवणकामाचं किंवा पाकशास्त्राचं पुस्तक देण्याची रीत होती. आणि बक्षीस मिळवणाऱ्या हुशार मुली पुढे मास्तरणी झाल्या, स्वयंपाकघरात कमी आणि शाळेत जास्त रमल्या. मी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या निवृत्त शिक्षकांच्या ओळखीच्या व्हॉट्सॲप गटांवर निरोप पाठवला. त्यात नाव दिलं नाही. एवढंच लिहिलं, ‘शाळेत बक्षीस मिळालेलं पाकशास्त्राचं पुस्तक कुणाकडे असेल तर त्याच्या ९७ व्या पानाचा फोटो पाठवा.’

अकरा फोटो आले. दहा वेगळ्याच पुस्तकांचे. अकरावा एरंडोलहून होता, डाव्या कोपऱ्यात तीच दोन अक्षरं आणि ७.

पडताळणी

एरंडोलच्या बाई ब्याऐंशी वर्षांच्या, भावाच्या कुटुंबात राहतात. व्हर्नाक्युलर फायनलला शाळेत पहिल्या आल्या म्हणून हे पुस्तक मिळालं होतं. आतल्या बाजूला शाळेची बक्षिसाची चिठ्ठी, वर वर्तमानपत्राचं कव्हर. “मी नोकरीला लागले आणि घरात वहिनी होत्या,” त्या म्हणाल्या. “वहिनींना पुस्तक लागायचं नाही, मला वेळ नव्हता.”

साडेसहाशे रुपयांनी मला शहाणं केलं होतं, म्हणून माईंची अकरा पानं मी बरोबर नेली होती. ती शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिली. पृष्ठांक जुळले. ९३३ ग्रॅमची टीप जुळली, ‘न. पै.’ची जाहिरात जुळली. तरी माझी खात्री पटली ती एका तुटक्या अक्षरावरून. ‘पक्वान्नें’ या प्रकरणाच्या मथळ्यात ‘क्व’च्या खिळ्याचा वरचा कोपरा तुटलेला होता, माईंच्या पानावर आणि इथेही, अगदी तसाच. खिळ्यांच्या छपाईत एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खान्यांत टाकायचे. पुढच्या आवृत्तीला पुन्हा नव्याने जुळवणी. तोच तुटका खिळा पुन्हा त्याच शब्दात त्याच जागी येणं जवळजवळ अशक्य. म्हणजे ही दोन पुस्तकं एकाच जुळवणीतून, एकाच छपाईतून निघालेली.

मी पुढची पानं उलटायला गेले तर उलटेनात. सातव्या फर्म्याची घडी बांधताना जरा तिरकी बसली असावी, कापणीत वरची कड सुटली होती आणि चार पानं अजून एकमेकांना जोडलेलीच. साठ वर्षांत ती कुणी उघडलीच नव्हती. मी हात मागे घेतला. बाईंनी भाचेसुनेकडून पातळ पट्टी मागवली, चष्मा सारखा केला आणि हात न थरथरता ती कड सावकाश उलगडून कापली. आत कागद बाहेरच्यापेक्षा पांढरा होता. शिक्षिका होत्या, पहिली ओळ मोठ्याने वाचली.

किमतीची गोष्ट मी काढली तेव्हा त्यांनी विचारलं, “त्या बाईंच्या आईने काय काय लिहिलंय म्हणालात?” मी माईंची पानं दाखवली. ओल्या नारळाच्या करंज्यांपाशी छापलेलं ‘दोन नारळ खवून’, त्यावर रेघ, आणि बाजूला पेन्सिलीने ‘नारळ नाही. सुके खोबरे पावशेर, तीळ नवटाक, भाजून’. आमच्या भागात तेव्हा ओला नारळ देवापुढे फोडायला यायचा, करंज्यांत घालायला कुठला? पुण्या-मुंबईकडच्या स्वयंपाकाचं हे पुस्तक त्या बाईने पेन्सिलीने खानदेशात आणलं होतं. खोबरेलाच्या जागी फल्ली तेल म्हणजे शेंगदाण्याचं, तांदळाच्या पिठाच्या जागी दादर ज्वारीचं, आणि पुरणपोळीपाशी लाटण्यावर काट मारून ‘खापर’, म्हणजे पोळी भाजायचं मातीचं भांडं. एरंडोलच्या बाईंनी ती पानं बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, पुस्तक घेऊन जा, पैसे नकोत, पण या नोंदींची एक प्रत मला पाठवायची.

नोंदींचं काय केलं

नव्या प्रतीवर काही लिहायचं नाही असं माईंनी आणि मी ठरवलं. अकरा पानांवरच्या नोंदी मी स्वच्छ अक्षरात बटर पेपरच्या चिठ्ठ्यांवर उतरवल्या आणि त्या त्या पानात ठेवल्या. डिंक नाही, सेलोटेप तर नाहीच. सेलोटेपचा चिकटा पिवळा पडतो आणि कागदाचं वाटोळं करतो, दरवर्षी अशी चार तरी पुस्तकं मी पाहते. मूळ अकरा पानं वेगळ्या लखोट्यात. पुस्तकाचे फोटो घरच्या वापरापुरते काढले. ते सगळ्यांना का पाठवत नाही असं दोघा-तिघांनी विचारलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. इथे तो संपल्याची खात्री होईपर्यंत सबंध पुस्तक फिरवणं मला पटत नाही.

गेलेल्या पानांवरच्या नोंदींसाठी माईंची धाकटी बहीण उपयोगी पडली. त्या नंदुरबारला असतात. लग्न ठरल्यावर त्यांनी आईच्या पुस्तकातून काही पदार्थ एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतले होते, पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसकट. वहीतून चौदा नोंदी मिळाल्या. माईंनी स्वतः सात सांगितल्या. त्यांतल्या दोन वहीशी ताडून पाहिल्या तर शब्दाला शब्द जुळला, फरक एवढाच की माईंनी त्या अहिराणीत सांगितल्या आणि वहीत त्या पुस्तकी मराठीत होत्या. दोन्ही रूपं ठेवली आहेत.

१० मे २०२४ ला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. बहीण माहेरपणाला माईंकडे आलेली, अंगणात खापर चुलीवर चढलेलं, रशीचा, म्हणजे पुरणाच्या कटाच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत. मी पुस्तक घेऊन गेले. माईंनी हात धुऊन, पदराला पुसून ते घेतलं आणि पहिल्यांदा ९७ वं पान काढलं. रव्याच्या लाडूंपाशी माझी चिठ्ठी होती. शेराच्या शेजारी त्यांच्या आईने लिहिलेला शब्द पुसट झाला होता, मी तो ‘साधी’ असा वाचला होता आणि साधी साखर असेल म्हणून साखरेपुढे लिहिला होता. माईंनी मान हलवली. “साधी नही वं. मापी. शेर मापना शे, वजनना नही.”

बहीण आत गेली आणि फडताळातून पितळी शेर घेऊन आली, कडा झिजलेला. माईंनी त्यात रवा भरला, वरून हाताने सपाट केला आणि सूनबाईंच्या काट्यावर ओतला. ९३३ तर नाहीच, त्याहून बराच कमी भरला. छापील टीप वजनाच्या शेराची होती आणि हे घर लाडवांचा रवा मापाच्या शेराने घेत होतं. त्यांच्या आईने तो एक शब्द लिहिला नसता तर छापलेल्या तुपा-साखरेत लाडू वळलेच नसते. माईंनी काट्यावरचा आकडा पाहिला, माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि माझा ‘साधी’ खोडून चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने ‘मापी’ लिहिलं, खाली ग्रॅम.

बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची नोंद अजून अपुरी आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर होती ती. ज्वारी किती दिवस भिजवायची आणि लसूण-मिरची पिठात केव्हा घालायची हे दोघी बहिणींना आठवतं, पाण्याच्या मापावर मात्र त्यांचं एकमत होत नाही. येत्या फाल्गुनात दोन्ही मापांनी एकेक घाणा घालून पाहायचं ठरलं आहे.